थंडीच्या तोंडावर पेरलेली स्वीट पीची रोपं दर वर्षी ऐन हिवाळ्यात जातात, त्यावर उपाय

स्वीट पी या सुवासिक फुलांच्या वेलीचं बी छान उगवतं, दोन आठवड्यांत कुंडीभर कोंब दिसायला लागतात, आपण खूश होतो, आणि मग पुढच्या महिनाभरात तीच रोपं दोऱ्यासारखी लांबत जातात, रंग फिका पडतो, आणि ऐन थंडीत एकेक करून आडवी होतात. वसंत येईपर्यंत कुंडीत दोन-तीनच उरलेली असतात आणि तीही अशी की लावावीत का नाही असा प्रश्न पडावा. हे माझ्याकडे सलग दोन हंगाम झालं आणि दोन्ही वेळा मी एकच निष्कर्ष काढला, थंडी बाधली. म्हणून दुसऱ्या हंगामात मी रोपं आणखी आत घेतली, आणखी उबेत ठेवली, आणि ती आणखी लवकर गेली.

तिसऱ्या हंगामात एकाच पाकिटातलं बी एकाच दिवशी पेरलं, ३२ रोपं झाली, त्यातली १६ घरात खिडकीशी ठेवली आणि १६ उगवल्या उगवल्या बाहेर कोल्ड फ्रेममध्ये, म्हणजे वर काचेचं झाकण असलेल्या खोक्यात, नेऊन ठेवली. हीटर वगैरे काही नाही. हिवाळा संपला तेव्हा घरातली ४ उरली होती. बाहेरची १५ जिवंत होती, आणि जे एक गेलं ते उंदराने नेलं. त्या दिवसापासून माझं ठाम मत झालं की ही रोपं थंडीने फार क्वचित मरतात, ती मरतात ऊब, कमी उजेड आणि ओल या तिघांच्या एकत्र येण्याने. त्यामुळे रोपं आडवी पडायला लागली की लगेच झाकू नका, आधी नक्की काय झालंय ते बघा.

यामागचं कारण कळलं की बाकीचं आपोआप सुचत जातं. स्वीट पी, म्हणजे लॅथायरस ओडोरॅटस, मूळची सिसिली आणि दक्षिण इटलीच्या बाजूची. १६९९ मध्ये सिसिलीतल्या फ्रान्सिस्को कुपानी नावाच्या संन्याशाने तिचं बी इंग्लंडला रॉबर्ट युव्हडेल यांच्याकडे पाठवलं आणि तिथून ती बागांमध्ये पसरली. तिच्या मूळ जागी उन्हाळा कोरडा ठणठणीत आणि पाऊस थंडीत. त्यामुळे बी पहिल्या पावसाला उगवतं, अख्खा हिवाळा रोप बुटकं राहून जमिनीखाली मूळ वाढवत बसतं, आणि दिवस मोठे होऊन ऊन वाढायला लागलं की एकदम वर झेपावतं, फुलतं, शेंगा धरते आणि संपते. म्हणजे थंडीच्या तोंडावर पेरणं ही माळ्यांनी काढलेली युक्ती नाहीच, तिची मुळातली सवयच ती. हिवाळ्यात ती वर दिसायला काहीच करत नाही आणि ते तसंच असायला हवं. आपल्याला वाटतं वाढ थांबली, म्हणून आपण उबेत घेतो, पाणी घालतो, खत घालतो, आणि तिथेच सगळं बिघडतं.

आता रोप हातात घेऊन बघा, खरंच हातात घेऊन. कुंडी डोळ्यांच्या उंचीला धरा आणि खोड जिथे मातीतून बाहेर येतं तिथे नीट बघा. तिथे खोड बारीक झालंय, चिमटा काढल्यासारखं, तपकिरी किंवा काळपट पडलंय आणि वरचा भाग अजून हिरवा आहे, तर ती मर आहे, म्हणजे रोप बुडाशी कुजून कोलमडण्याचा रोग. पिथियम किंवा रायझोक्टोनियासारख्या बुरश्या करतात ती, कारण जास्तीची ओल आणि कोंडलेली हवा. ते रोप वाचत नाही, मातीसकट काढून टाका आणि बाकीच्यांना लगेच हवा द्या. खोड मातीशी धड आहे, नुसतं लांबलंय, दोन पानांच्या मधलं अंतर बोटाएवढं झालंय आणि रोप स्वतःच्या वजनाने कललंय, तर तो उबेचा आणि उजेडाच्या कमतरतेचा प्रकार, हे रोप शंभर टक्के वाचवता येतं. पानं पाण्यात उकडल्यासारखी गडद आणि लिबलिबीत झालीत तर गोठण लागलीये, त्याचं पुढे सांगते. आणि पानांना, खोडाला जांभळट छटा आलीये एवढंच असेल तर काहीही करू नका, थंडीत असा रंग येतो, ऊन वाढलं की जातो. सगळ्यात खालची एखाद-दोन पानं पिवळी पडणंही तसंच, त्यावर खत घालू नका.

लांबलेल्या रोपांबद्दल आधी, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. बी उगवायला साधारण १३ ते १८ अंश सेल्सिअस पुरतं, म्हणून पेरलेली कुंडी घरात ठेवणं ठीक आहे. चूक होते ती त्यानंतर. कोंब मातीच्या वर दिसले की त्यांना घरातली ऊब नको असते, ५ ते १० अंश आणि मिळेल तितका उजेड हवा असतो. हिवाळ्यात दिवस आधीच छोटा, त्यात खिडकीतून एकाच बाजूने उजेड, आणि खोलीत २० अंश. रोप काय करणार, उजेड शोधत पळत सुटतं. मी आता रोज सकाळी कुंड्या बघते आणि निम्मे कोंब दिसले की त्याच दिवशी सगळा ट्रे बाहेर. उरलेलं बी बाहेर सावकाश उगवतं, उगवत नाही असं होत नाही. 'अजून एक आठवडा आत ठेवू, जरा मोठी होऊ दे' हा जो आठवडा असतो ना, त्यातच रोप बिघडतं. हे मी अक्षरशः तीन हंगाम घालवून शिकले.

आधीच लांबली असतील तर? शेंडा खुडा. रोपाला पानांच्या दोन किंवा तीन जोड्या आल्या की त्या जोडीच्या जरा वर नखाने किंवा कात्रीने शेंडा काढून टाकायचा. मन धजत नाही मला माहितीये, पण खुडा. साधारण तीन-चार आठवड्यांत पानाच्या बगलेतून आणि बऱ्याचदा थेट मातीलगतच्या पेरातून नवे फुटवे येतात आणि ते पहिल्या कोंबापेक्षा स्पष्ट जाड असतात, मी शेजारी शेजारी धरून बघितलेत, जुनं खोड दोऱ्यासारखं गोल आणि नवं चपटं, कडेला पंखासारखी पट्टी असलेलं. ते पट्टीवालं खोड दिसलं की समजायचं आता रोप मार्गाला लागलं. फक्त खुडल्यावर रोप परत त्याच उबेच्या खोलीत ठेवलं तर फुटवे पण तसेच लांबतात, म्हणून जागा बदलणं आधी आणि खुडणं नंतर. आणि घरातून एकदम गोठणाऱ्या रात्रीत ठेवू नका, आठवडा दहा दिवस दिवसा बाहेर रात्री आत असं हार्डनिंग करा.

हे खालून फुटणं तिला जमतं त्याचं कारण फार छान आहे. घेवड्याचं रोप उगवताना बियांच्या दोन डाळी मातीच्या वर घेऊन येतं, त्या डाळींच्या खाली खोड तुटलं की खेळ खलास. स्वीट पीच्या डाळी, वाटाण्यासारख्याच, मातीखालीच राहतात. म्हणजे अन्नाचा साठा आणि खालच्या पेरांवरचे झोपलेले डोळे दोन्ही मातीखाली सुरक्षित. वरचा कोंब गोठला, गोगलगायीने खाल्ला, पक्ष्याने तोडला तरी खालून दुसरा येऊ शकतो. त्यामुळे वरून मेल्यासारखी दिसणारी कुंडी लगेच रिकामी करायची नाही. एकदा कडक गोठण पडल्यावर माझी सहा रोपं पार काळी पडली होती, मी टाकायलाच निघाले होते, मग हलक्या हाताने माती बाजूला केली तर खाली पांढरा, तांदळाच्या दाण्याएवढा टणक कोंब. सहापैकी पाचांना आला. मूळ पांढरं आणि टणक असेल तर तीन-चार आठवडे थांबा. तपकिरी होऊन बोटाने दाबल्यावर सालपट निघत असेल तर मात्र गेलं.

दुसरा मोठा शत्रू पाणी. थंडीत रोप जवळजवळ पाणी पीतच नाही, माती सुकायला एकेक आठवडा लागतो, कधी दोन. वरची माती कोरडी दिसली म्हणून पाणी घातलं की खाली चिखल होतो. मी बोट घालून बघणं सोडलं आणि कुंडी उचलून बघायला लागले, त्याने खूप फरक पडला. एक कुंडी पूर्ण भिजवून निथळल्यावर उचलून वजन हाताला ओळखीचं करून घ्यायचं, नंतर ती स्पष्ट हलकी लागली तरच पाणी. द्यायचं ते सकाळी, खालून, म्हणजे कुंडी पाण्याच्या ट्रेमध्ये १०-१५ मिनिटं ठेवायची आणि मग पूर्ण निथळू द्यायची. संध्याकाळी कधीच नाही. गोठायचा अंदाज असेल त्याच्या आदल्या दिवशी पण नाही. माती पण मोकळी हवी, मी तयार पॉटिंग मिक्समध्ये साधारण पाव हिस्सा पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) किंवा जाड वाळू घालते, आणि पेरल्यावर वर बारीक खडीचा पातळ थर देते, त्याने खोडाचा मातीलगतचा भाग कोरडा राहतो आणि कुंडीत त्या बारीक काळ्या चिलटांचा त्रास पण कमी होतो (त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात). कुंडी खोल हवी, १२ ते १५ सेंटीमीटर तरी, कारण मूळ सरळ खाली जातं. बरेच जण टॉयलेट रोलच्या नळ्या वापरतात, खोलीला चांगल्या आहेत पण अख्खा हिवाळा ओल्या राहिल्या तर पुठ्ठ्यावर बुरशी येते आणि नळ्या ढासळतात, मला खोल प्लास्टिकच्या कुंड्या आणि रूट ट्रेनरच (रोपांसाठीचे खोल, अरुंद कप्पे) बरे वाटतात.

आणि हवा. कोल्ड फ्रेमचं किंवा कुठलंही झाकण रात्रंदिवस बंद ठेवलं की आत काचेवरून थेंब गळायला लागतात, पानं ओली राहतात, मग करडी बुरशी धरते. ऊन असलेल्या दिवशी, बाहेर कितीही गार असू दे, आत तापमान चढतं आणि रोप पुन्हा लांबायला लागतं. त्यामुळे गोठत नसेल तेव्हा झाकण उघडं, निदान खाली लाकडाचा ठोकळा घालून चार बोटं उचललेलं. मी तर गोठणाऱ्या रात्री सोडून बंदच करत नाही. मुसळधार पाऊस असेल तेव्हा फक्त वरून आडोसा, बाजू उघड्या.

थंडी अजिबात बाधत नाही असं मी म्हणत नाहीये. हळूहळू सरावलेली रोपं शून्याखाली दोन-चार अंश सहज काढतात, उणे ५ च्या खाली जायचा अंदाज असेल तर मी क्रॉप कव्हरचे, म्हणजे रोपांवर पांघरायच्या हलक्या कापडाचे, एक-दोन थर टाकते आणि सकाळी काढते. खरा धोका कुंडीला असतो. जमिनीतल्या मुळांना आजूबाजूच्या मातीचं पांघरूण असतं, कुंडीत गार हवा चारी बाजूंनी आत जाते आणि मातीचा अख्खा गोळा दगड होतो. पाणी गोठलेलं, रोपाला ओढता येत नाही, आणि त्यात वर कडक ऊन आणि वारा असला की पानं सुकतात. म्हणजे रोप गोठून नाही तर तहानेने जातं. म्हणून कुंड्या सुट्या सुट्या ठेवू नका, एकमेकींना खेटून ठेवा, खाली आणि बाजूने जुनी पोती, थर्माकोल, पेंढा काहीही लावा, वाऱ्याच्या आड ठेवा. सकाळी रोपं गोठून काचेसारखी ताठ दिसली तर हात लावू नका, गरम खोलीत नेऊ नका, कोमट पाणी तर अजिबात ओतू नका. सकाळचं थेट ऊन अडवा आणि सावकाश सुटू द्या. दुपारपर्यंत बहुतेक रोपं मान वर काढतात.

मुळात उगवतच नसेल तर पाकिटातलं बी एकदा पांढऱ्या कागदावर ओता. गडद, काळपट बियांचं कवच कडक असू शकतं, फिकट बियांचं सहसा मऊ असतं. गडद बी रात्रभर पाण्यात ठेवलं की सकाळी काही फुगलेली असतात आणि काही आहेत तेवढीच, त्या न फुगलेल्यांना डोळ्याच्या (बी शेंगेला जिथे चिकटलेलं असतं त्या खुणेच्या) विरुद्ध बाजूला नेलकटरने अगदी किंचित टवका काढायचा, आतला पांढरा भाग जेमतेम दिसेल इतका. सगळं बी सरसकट दोन-दोन दिवस भिजवत ठेवू नका, ते पाण्यात गुदमरतं आणि मातीत जाऊन कुजतं. मी तर हल्ली फिकट बी कोरडंच पेरते, साधारण २ सेंटीमीटर खोल, एकदा नीट पाणी, आणि कोंब दिसेपर्यंत पुन्हा नाही. एक ते तीन आठवड्यांत येतं. एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते, हे दिसायला वाटाण्यासारखं असलं तरी बी आणि शेंगा विषारी आहेत, घरात लहान मुलं असतील तर भिजवलेली वाटी ओट्यावर ठेवू नका.

माणसाला विषारी असलं तरी उंदरांना मात्र हे बी भयंकर आवडतं. ते फक्त पेरलेलं बी उकरतात असं नाही, उगवलेल्या रोपाच्या बुडाशी बी अजून शिल्लक असतं ते खायला ते रोप उपटतात, म्हणून सकाळी ट्रेमध्ये व्यवस्थित गोल खड्डे आणि शेजारी आडवा पडलेला धड कोंब असं दिसलं तर मर नाही, उंदीर. बारीक छिद्रांची तारेची जाळी चारी बाजूंनी आणि वरून, दुसरं काही मला पुरलं नाही. गोगलगायींसाठी रात्री टॉर्च घेऊन रोपं बघा आणि दिवसा कुंड्यांच्या खालची बाजू, तेव्हा त्या तिथेच चिकटून बसलेल्या असतात. हिवाळा सौम्य असला तर झाकणाखाली मावा पण येतो, शेंड्याच्या घडीत बसतो, बोटाने चिरडून टाका आणि दुर्लक्ष करू नका कारण मावा व्हायरस पसरवतो आणि त्याला औषध नाही.

पेरायचं कधी, यावरही बरंच अवलंबून आहे. उत्तर गोलार्धात जिथे हिवाळा गोठवणारा असतो तिथे ऑक्टोबर ते नोव्हेंबरची सुरुवात, दक्षिण गोलार्धात त्याच हिशोबाने सहा महिने पुढे-मागे. कडक थंडी सुरू होताना रोपाला पानांच्या दोन-तीन जोड्या असाव्यात, त्याहून फार मोठं नको. सप्टेंबरच्या उबेत पेरलेली रोपं थंडी यायच्या आत वीतभर होतात आणि मग त्यांना सांभाळणं अवघड जातं, तशी झालीच असतील तर परत खुडा. जिथे जमीन गोठतच नाही तिथे हा सगळा कुंड्यांचा व्याप करूच नका, दिवसाची उष्णता उतरली की सरळ जमिनीत पेरा.

हिवाळा उलटल्यावर रोपं टिकली, तरारली, पण फुलंच येत नाहीत अशी तक्रार असेल तर जात बघा. मोठ्या लाटेदार पाकळ्यांच्या स्पेन्सर जाती दिवस साधारण १२ तासांचा झाल्याशिवाय कळ्या धरत नाहीत, लवकर फुलणाऱ्या जातींना १० ते ११ तासांचा दिवस पुरतो. ज्यांच्याकडे उन्हाळा लवकर तापतो त्यांनी लवकरच्याच जाती घ्याव्यात, नाहीतर स्पेन्सरला कळ्या येईपर्यंत ऊन्हाने वेल पिवळी पडायला लागते. कळ्या येऊन पिवळ्या होऊन गळत असतील तर सुरुवातीला ते चालायचंच, रात्री गार आणि ढगाळ दिवस असले की गळतात, त्यावर जास्त पाणी किंवा नत्राचं खत घातलं तर गळ आणखी वाढते. हवा सुधारली की थांबते.

बाहेर लावताना मुळांचा गोळा फोडू नका, कुंडी उलटी करून अख्खा सरकवा. मुळांवर बारीक गाठी दिसल्या तर घाबरू नका, ते रायझोबियम जिवाणू आहेत, हवेतलं नत्र बांधतात, एखादी गाठ नखाने फोडली तर आत गुलाबी दिसते, म्हणजे त्यांचं काम चालू आहे. लावल्यावर पहिले दोन-तीन आठवडे रोप वर काहीच हालचाल दाखवणार नाही, तेव्हाही कुंडीतला नियमच पाळा, पाणी बेताने आणि खत नाही, आणि वर चढायला काठ्या किंवा जाळी आधीच उभी करून ठेवा, कारण एकदा ताणे सुटायला लागले की शेजारच्या रोपाला धरतात आणि मग सोडवताना हमखास शेंडे तुटतात.